शरण वगळून

खिळा तिथंच होता. दर वेळी रंगाऱ्याने त्याच्यावरूनच ब्रश फिरवला होता – आधी पिवळा, मग फिकट निळा, आता हा पांढरा – आणि छत्तीस वर्षांत त्याचं डोकं सुजल्यासारखं जाड झालं होतं, इतकं की आल्यागेल्याला तो दिसतही नसे. पण रत्नमाला सकाळचा चहा घेऊन या खुर्चीत बसली की तिची नजर भिंतीवरून फिरत फिरत तिथं जाऊन थांबायची. तो ठोकला होता तिच्या आईने. वरवंट्याने, लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी. ठोकून झाल्यावर पारूबाईने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बुद्धाची तसबीर काढली, तेव्हा कडुबा दारात उभा होता. तो वाईट काही बोलला नाही. तो कधीच वाईट बोलत नसे. "आई, बुद्ध मला मान्य आहे," तो म्हणाला होता, "माणूस म्हणून पूर्ण मान्य आहे. पण भिंतीवर गेला की त्याला हार येतो. हार आला की हात जोडले जातात. आम्ही दोघांनी ठरवलंय." पारूबाईने जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीने मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते आज तिला आठवत नव्हतं, पण तसबीर परत वर्तमानपत्रात गेली आणि पारूबाई चहा न घेता छावणीतल्या आपल्या घरी निघून गेली.

आज पारूबाईला जाऊन बारा दिवस झाले होते.

जलदानाचा विधी खरं तर सातव्या दिवशीच व्हायचा, पण धाकट्या भावाला, राजकुमारला, शेंद्र्याच्या कंपनीत सुट्टी मिळते ती रविवारी, आणि दोन रविवारांपैकी पहिल्याला भंते मोकळे नव्हते. म्हणून आज. अकरा वाजता. राजकुमारने फोनवर तीनदा सांगितलं होतं, "अक्का, बाकी कुणी नाय आलं तरी चालंल, पण त्रिशरण-पंचशील म्हणायचं तू. आईनं सांगितल्यालं आहे." तिने प्रत्येक वेळी 'बघू' म्हटलं होतं. 'बघू' हे तिच्या पोस्टातल्या काउंटरवरचं उत्तर. तीस वर्षं त्या एका शब्दावर तिने खिडकीसमोरची माणसं परत पाठवली होती.

आतून कागद चाळल्याचा आवाज येत होता. कडुबा तयार होत होता. त्याला तयार व्हायला फार लागत नसे – खादीचा शर्ट, शबनम, चष्म्याची पेटी – पण आज तो काहीतरी शोधत होता, आणि काय शोधत होता ते तिला ठाऊक होतं. मंडळाचं प्रतिज्ञापत्र. लॅमिनेट केलेलं, ए-फोर आकाराचं, वर 'मानव विवेक मंडळ' आणि खाली पाच कलमं. मंडळाच्या प्रत्येक सभेची सुरुवात त्याने व्हायची. एके काळी सभेला साठ माणसं असत, वकील असत, कॉलेजातली पोरंपोरी असत. आता सात-आठजण येतात, सगळे सत्तरीच्या पलीकडचे, चहात साखर नको म्हणणारे, आणि उभं राहून कलमं म्हणताना दोघांना भिंतीचा आधार लागतो.

"सापडलं," तो बाहेर येऊन म्हणाला. "रत्ना, मी विचार केला. हे वाचावं तिथं. तुझी अडचण मिटते आणि त्यांचंही मन राखलं जातं. आशय तोच आहे सगळा, फक्त विधी नाही. पटतं का?"

तो असाच विचारायचा. पटतं का? छत्तीस वर्षांत त्याने तिच्यावर एकही गोष्ट लादली नव्हती. प्रत्येक गोष्ट पटवून घेतली होती. आणि पटलेल्या गोष्टीविरुद्ध तक्रार कुठं करायची, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

तिने त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. हे तिथं वाचलं तर काय होईल हे तिला लख्ख दिसलं – पांढऱ्या साड्यांची रांग दिसली, आवडामावशीचं तोंड दिसलं. सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ती म्हणाली, "रिक्षा दहाला बोलव. छावणीत गर्दी असते."

रिक्षात ती डाव्या बाजूला बसली. ऊन अजून चढलं नव्हतं, पण रस्ता खोदलेला होता आणि धूळ वर आली होती. तिने पदर नाकाशी धरला आणि त्या पांढऱ्या कापडाआड तिला एकदम जनरल वॉर्ड आठवला. ऑक्सिजनचा मास्क बोटाने बाजूला सारत पारूबाई म्हणाली होती, "रत्ने, माझ्या टायमाला तू म्हण. भाड्याचा आवाज नको मला." "आई, बोलू नको, दम लागंल." "तू व्हय म्हण आधी." वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई डबा खात होती. तिच्यासमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, की आईला नाही म्हणणं शक्यच नव्हतं – पुढं दोन रात्री रत्नमालेने या दोन कारणांमधला फरक ठरवायचा प्रयत्न केला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तो ठरवायची गरज संपली. ती 'व्हय' म्हणाली होती एवढं खरं.

आणि एक कागदही तितकाच खरा होता. लेजरच्या लांब पानावर लिहिलेला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, रजिस्ट्रारच्या कचेरीत जाण्याआधी, त्या दोघांनी लिहिलेला – घरात कोणत्याही धर्माचा विधी होणार नाही. दोघांपैकी कुणीही कोणत्याही विधीत भाग घेणार नाही. मुलाला धर्म शिकवला जाणार नाही. मृत्यूनंतर देह वैद्यकीय महाविद्यालयाला. आधी सही तिने केली होती. कुणी हात धरून करून घेतली नव्हती. सव्वीस वर्षांची होती ती, आणि त्या कागदावरची शाई वाळेपर्यंत तिला वाटत होतं की मराठवाड्यात एवढं धीट काही कुणी लिहिलंच नसेल. करमाडच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि छावणीतल्या बंगल्यांमध्ये भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी – दोघांनी आपापलं सगळं दाराबाहेर ठेवायचं आणि रिकाम्या घरात माणूस म्हणून शिरायचं. सारखं-सारखं. समान.

पण सारखं होतं का ते? त्याने सोडला खंडोबा, सोडली सटवाई, सोडला तो भटजी जो तिच्या सावलीचाही विटाळ मानायचा. स्वतःचं नावसुद्धा तो भाषणात चेष्टेवारी न्यायचा – "आधीची दोन पोरं गेली म्हणून तिसऱ्याचं नाव कडू ठेवलं, मृत्यूला चव लागू नये म्हणून. म्हणजे मित्रहो, मी एक चालतीबोलती अंधश्रद्धा आहे!" – आणि लोक हसायचे. त्याच्याकडे सोडायला ढीगभर होतं. आणि माझ्याकडे? माझ्याकडे देव नव्हताच. देव माझ्या आजोबांनी छप्पन साली फडक्यात बांधून खाम नदीत सोडले होते, आई तेव्हा दहा वर्षांची, काठावर उभी राहून बघत होती. आमच्या घरात वर बघून कुणी काही मागितलं नाही. मग मी दाराबाहेर नेमकं काय ठेवलं? संध्याकाळी मेणबत्ती लावून आई जे म्हणायची ते. पाच गोष्टी करणार नाही, एवढंच. आणि त्याआधी ती तीन वाक्यं – शरण जाते म्हणणारी...

'शरण' या शब्दाशी कडुबा नेहमी अडायचा. पाचांवर त्याचं काहीच म्हणणं नव्हतं. "शील उत्तम आहे. पण शरण का जायचं? माणसाने माणसालाही शरण जाऊ नये." तिलाही ते पटलं होतं. ग्रंथालयाच्या पायरीवर बसून, सत्त्याऐंशी साली, तिने त्याला ती पाच वाक्यं एकेक करून मराठीत सांगितली होती आणि त्याने वहीत उतरून घेतली होती. पुढं दोन-तीन वर्षांनी मंडळाचं प्रतिज्ञापत्र छापलं तेव्हा वर ओळ होती – 'जगभरातील मानवतावादी विचारांच्या आधारे'. ती ओळ वाचून तिने काय केलं होतं? टपालाच्या दीडशे पाकिटांवर तिकिटं चिकटवली होती.

"काय विचार करतेस?" रिक्षा वळताना कडुबाने विचारलं.

"काही नाही. धूळ आहे."

छावणीतल्या त्या अरुंद घरापुढे मांडव होता, पांढऱ्या कापडाचा. आत टेबलावर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या पायाशी पारूबाईचा फोटो. फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यामुळे आई चिडल्यासारखी दिसत होती. मेणबत्त्या पंख्याच्या वाऱ्याने कलत होत्या. राजकुमार पुढं आला, कडुबाच्या पाया पडायला वाकला आणि आठवण होऊन मधेच थांबला. कडुबाला पाया पडलेलं चालत नसे. "या दाजी. अक्का, भंते करमाडला अडकलेत. तिथलाच कार्यक्रम अजून उरकला नाय म्हणतेत. जालना रोडवर गर्दी. आपण सुरू करावं म्हणले."

करमाड. तिने कडुबाकडे पाहिलं नाही, पण तोही तिच्याकडे पाहत नव्हता. दोन हजार तीन सालची ती दुपार दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. करमाडला त्याच्या वडिलांचा दहावा. न्हावी वस्तरा घेऊन विहिरीपाशी बसलेला, धाकट्या भावाचं डोकं करून झालेलं, आणि सगळा गाव थोरल्याकडे बघतोय. कडुबा म्हणाला, मी करणार नाही. मोठ्याने नाही, हात जोडूनही नाही. वर्गात उत्तर सांगावं तसं. आईने त्याच्यापुढं पदर पसरला. "एवढ्या डाव कर रे. पुन्हा नाय म्हणणार मी." तो नाही म्हणाला. रत्नमाला लांब बाभळीखाली उभी होती, कारण तिच्या हातचं पाणी त्या दिवशीही तिथं कुणी घेतलं नव्हतं. आणि तो ती सगळी माणसं ओलांडून तिच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. त्याची आई पुढं अकरा वर्षं जगली आणि एकदाही त्याच्याशी बोलली नाही. परतीच्या एस.टी.त तो म्हणाला होता, "तू होतीस म्हणून उभं राहता आलं."

हे सगळं त्याने त्या कागदापायी सोसलं होतं. आज तिने जलदानाचा तांब्या उचलला तर त्या दुपारचं काय करायचं? तो म्हणणार नाही काहीच. हीच तर अडचण. तो म्हणेल, पटत असेल तर कर.

माणसं बसली. चाळीसेक असतील. बायका एका बाजूला, पांढऱ्या साड्या, काहींच्या साड्यांच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. आवडामावशी, पारूबाईची धाकटी बहीण, पुढंच पाय पसरून बसली होती. गुडघे वाकत नव्हते तिचे. "ये गं पोस्टमास्तरीण," ती म्हणाली. "बस माझ्यापाशी. जागा धरून ठिवली तुझी, छत्तीस वर्षं झाली."

दोघी-तिघी हसल्या. रत्नमालाही हसली.

राजकुमारने गळा साफ केला. "भंते येईस्तोवर आपण त्रिशरण-पंचशील घेऊन टाकू. अक्का म्हणंल."

आणि तेव्हा कडुबा उभा राहिला. शबनममधून त्याने कागद काढला, चष्मा चढवला. सभेत बोलायची सवय असलेला माणूस. त्याचा आवाज मांडवाच्या शेवटपर्यंत गेला. तो म्हणाला, पारूबाईंबद्दल मला अत्यंत आदर होता. त्यांनी भांडी घासून दोन मुलं शिकवली, हेच त्यांचं खरं स्मारक. आज रत्नमालेच्या वतीने मी एक छोटीशी गोष्ट वाचणार आहे, यात कुठलाही धर्म नाही, ही फक्त माणसाची माणसाला दिलेली वचनं आहेत. आणि त्याने वाचायला सुरुवात केली. मी कोणत्याही जिवाची हिंसा करणार नाही. जे मला दिलेलं नाही ते मी घेणार नाही...

तिसऱ्या कलमापर्यंत मांडवात शांतता होती, आणि ती शांतता काय आहे हे त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, ऐकताहेत. चौथ्याला मागे कुणीतरी खोकलं. पाचव्याला, दारूचं आलं तेव्हा, बायकांच्या बाजूने दोन-तीन आवाज त्याच्या बरोबरीने म्हणू लागले, सवयीने, पाठ असल्यासारखे – पाठच होतं ते त्यांना.

"जावईबापू," आवडामावशी म्हणाली, "ही तर आमचीच हायेत. बुद्ध तेवढा खाली उतरवून ठिवला व्हय?"

मांडव हसला. दुष्टपणे नाही, घरच्या माणसाला हसावं तसा. कुणीतरी मागून म्हणालं, "सर, लॅमिनेशन झ्याक केलंय पर." पुन्हा हसणं. राजकुमार खाली बघत म्हणाला, "बसा दाजी. बसा."

कडुबा बसला नाही. तो हातातल्या कागदाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर रत्नमालेला ते दिसलं जे सकाळपासून, नाही, कितीतरी वर्षांपासून तिला बघायचं होतं असं तिला वाटत होतं. त्याला आठवत होतं. ग्रंथालयाची पायरी, वही, तिचं एकेक वाक्य थांबून सांगणं. साम्य आहे हे त्याला माहीत होतं, साम्य म्हणजे तर त्याचा आवडता मुद्दा; पण ती वाक्यं कुणाच्या तोंडून आली, हे तो खरोखर विसरला होता, चोरी म्हणून नाही, भाड्याच्या घराला माणूस हळूहळू आपलं म्हणू लागतो तसा. आता चाळीस माणसांपुढं त्याला ते आठवत होतं. सदुसष्ट वर्षांचा माणूस. हे तिला बघायचं होतं. बघितलं, आणि कुठंही गार वाटलं नाही. उलट सकाळी न बोललेलं ते एक वाक्य घशाशी आलं – मी सांगू शकले असते, मी जाणूनबुजून तुला इथवर येऊ दिलं.

"रत्ना," तो हलक्या आवाजात म्हणाला, तिला एकटीला ऐकू येईल असं, "माझ्या लक्षात नव्हतं. खरंच नव्हतं."

"माहीत आहे."

"तू म्हण आता."

पटतं का, असं त्याने विचारलं नाही.

सरिताने, राजकुमारच्या बायकोने, टेबलापुढं परात ठेवली, परातीत काचेचा पेला, आणि रत्नमालेच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या दिला. रीत अशी होती की थोरल्या लेकराने पाणी ओतायचं, त्याच्या पाठीवर मागच्याने हात ठेवायचा, त्याच्या पाठीवर त्याच्या मागच्याने, म्हणजे सगळे एका धाग्यात येतात. पेला भरून पाणी वरून वाहू लागलं की केलेलं पुण्य गेलेल्या माणसाकडे जातं. तिच्या मागची जागा कडुबाची होती. ती वळून बघणार नव्हती. मागे कुजबुज झाली, राजकुमारचा 'दाजी...' असा अर्धवट शब्द आला, आणि मग तिच्या उजव्या खांद्यावर हात आला – हलका, अनोळखी, गर्दीत वाट मागताना कुणी लावावा तसा. त्या हाताचा अर्थ काय घ्यायचा? करमाडला मी तर लांब उभी होते. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. ठेवू देत नव्हते कुणी, हे खरं, पण ठेवला नव्हता.

तिने तांब्या कलता केला आणि तोंड उघडलं.

आवाज आला. तिला भीती होती की शब्द विसरले असतील. एकही विसरला नव्हता. तीन वेळा तीन वाक्यं, मग पाच. जीभ आपल्या आपण पुढं जात होती, आणि मागून चाळीस माणसांचा आवाज तिच्या आवाजावर येऊन पडत होता, भरलेला, जाड, उबदार आवाज, ज्यात ती लहानपणी आईच्या मांडीवर झोपून जायची. छत्तीस वर्षं तिला वाटत आलं होतं की हा आवाज तिथं तसाच ठेवलेला आहे. कधीही परत जाऊन त्यात शिरता येईल. घर बंद करून गावाला गेलेल्या माणसाकडे किल्ली असते, तशी ती किल्ली आपल्याकडे आहे. आता ती आत उभी होती. आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की आपण ऐकतोय. म्हणत नाही, ऐकतोय – तिसऱ्या वाक्यात राजकुमार उच्चार चुकवतो, पंख्याची कड घासते, पेला आता पाऊण झाला. हे पाणी आईपर्यंत कसं पोचेल? आणि पुण्य? ते कशात मोजायचं, कोण पोचवतं, पोचलं नाही तर कळवतं कोण... प्रश्न कडुबाचा होता, शब्द त्याचे, ती शिक्षकी संथ लयसुद्धा त्याचीच. फक्त विचारणारा आवाज तिचा होता. तो बाहेर, तिच्या खांद्यावर हात ठेवून, काहीच न विचारता उभा होता.

तिने जोर लावला. आईचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. आला तो आधार कार्डावरचा चिडका चेहरा. शरण, हा शब्द तिने मुद्दाम सावकाश उच्चारला, त्याच्या तळाशी काही लागतं का बघायला. काही लागलं नाही. पेला भरला. पाणी काठावर क्षणभर फुगून थांबलं आणि मग परातीत उतरू लागलं, आणि मागच्या बायकांपैकी कुणीतरी हुंदका दिला, मग दुसरीने, आणि राजकुमार तर लहान पोरासारखा रडू लागला. सगळ्यांना ते पोचत होतं. तिच्या हातून जात होतं आणि तिला वगळून सगळ्यांना पोचत होतं. काउंटरवर तीस वर्षं, दुसऱ्यांचं टपाल पुढं पाठवताना, हेच तर केलं होतं तिने.

भंते एक वाजता आले, आशीर्वादाच्या गाथा म्हणून झाल्या, आणि पंगती बसल्या. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. लेकीचा, मोनिकाचा, पुण्याहून फोन आला – आई, झालं सगळं नीट? बाबा आले होते? – आणि मागे तिच्या सासरच्या कुठल्यातरी आरतीची घंटा वाजत होती. मोनिका हे नाव कडुबाने शोधलं होतं. जात कळू नये, धर्म कळू नये असं नाव. मुलीने कुठल्याच गोष्टीला कधी नाही म्हटलं नाही. तिला सगळंच चालायचं. "झालं नीट," रत्नमाला म्हणाली.

आवडामावशीने तिला ताटावरून उठू दिलं नाही. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, खरबरीत, वांग्याच्या तेलाचा वास असलेले हात, आणि जवळ ओढून म्हणाली, "आलीस बघ घरी. पारूला पोचलं सगळं. म्हणताना आवाज तुझा नव्हताच, पारूचाच व्हता, काटा आला अंगावर माझ्या. तुला कळलं का नाय आतून?"

मावशीचे डोळे पाणावलेले होते. मोतीबिंदूने निळसर झालेले डोळे, अगदी जवळ. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

"व्हय मावशी," रत्नमाला म्हणाली. "कळलं."

मावशीने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि ती बुंदी वाढायला सांगू लागली.

कडुबा शेजारीच बसला होता. त्याने भात पुरता संपवला नव्हता. थोड्या वेळाने, पानाकडे बघत, तो म्हणाला, "मी हे विचारायला नको, पण... म्हणताना कसं वाटलं तुला?"

"काही नाही वाटलं."

त्याने मान हलवली. तो राग धरून बसला आहे असं नव्हतं. त्याला वाटलं ती रागावली आहे, आणि सांगायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे, असा त्याचा चेहरा झाला. समजूतदार. तिला त्याचा हात धरून सांगावंसं वाटलं, अरे, हे खरं आहे, शब्दशः खरं आहे – पण ते त्याला सांगणं म्हणजे त्याला जिंकल्याचं सांगणं, आणि त्याला आता जिंकायचं नव्हतं हे तिला दिसत होतं. खाली ठेवलेल्या शबनमेतून कागदाचा कोपरा बाहेर आला होता. त्याने तो आत ढकलला.

एकीला खोटं सांगितलं, तिने ते खरं मानलं. दुसऱ्याला खरं सांगितलं, त्याने ते मानलं नाही. अजून दुपारही सरली नव्हती चौथं वाक्य, खोटं न बोलण्याचं, म्हणून. त्या वाक्याला तर दोन्हीकडे जागा होती, मांडवातही आणि प्रतिज्ञापत्रातही, अगदी त्याच क्रमांकाला. रत्नमाला बुंदीचे दाणे बोटाने एका बाजूला सारत बसली. करमाडच्या त्या बायांचं बरं होतं, खोटं बोलून झाल्यावर कान पकडून त्या देवापुढं जाऊ शकत होत्या; देव रागवायचा, मग पावायचाही. इथं रागवायला कुणी नव्हतं. ना छावणीत, ना तिच्या घरात. आई मेली होती आणि मावशी खूश होती, आणि या एवढ्या मांडवात, पाठीवर ठेवलेल्या त्या सगळ्या हातांत, आत्ता जे झालं ते माहीत असलेलं माणूस एकच होतं. ते माणूस बुंदीचे दाणे सारत पंगतीत पाय मुडपून बसलं होतं आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. हेच शिकवलं होतं का दोघांनी – आईने आणि त्याने – की शेवटी जाब विचारायला आपले आपणच उरतो? तिने हे आधी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. विचारल्यावर तिला बरं वाटलं नाही, पण ती दचकलीही नाही. छातीत काहीतरी जड येऊन बसलं, आणि ते उतरवून ठेवायला जागा शोधायची सवय आपल्याला आता मोडावी लागेल, एवढं तिला कळलं.

"भाजी वाढू का अक्का?" सरिता विचारत होती.

ती म्हणाली, "बघू."